कोपऱ्यातलं कोपर

“हप्त्याचं बोलायला आला असाल तर काळजी सोडा,” फाईल शोधता शोधता मंगळवारवाल्या बाई म्हणाल्या. “विम्यात सगळं मिटलंय. आता एक पैसा देणं नाही.”

समोरच्या बाकावरचा धारवाला हलला नाही. सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरणारा हा माणूस आज चाक घरी ठेवून आला होता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं.

“पैशाचं नाही, बाई. फोटो पाहिजे होता. हिचा.”

ही म्हणजे त्याची बायको, कापडी पिशव्या शिवून विकणारी पिशवीवाली. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. गेली एकोणीस वर्षं दर मंगळवारी बाई बायकांच्या गटांत बसून कर्जाचे हप्ते घेत. शेकडो बायका आल्या नि गेल्या, पण पिशवीवाली लक्षात राहिली ती जिभेमुळे. शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला गेली तेव्हा बँकेतल्या साहेबांनी पगाराची चिठ्ठी मागितली. “पगार असता तर तुमच्या दारात कशाला आले असते?” असं सुनावून ती तडक बाईंकडे आली होती. गटातली एखादी हप्त्याला चुकली की ही आधी तिला फैलावर घ्यायची आणि मग गुपचूप तिचे पैसे भरायची. बाईंना ती फार आवडायची. तसं तिला कधी सांगितलं मात्र नव्हतं, आणि आता सांगणार कुणाला?

“घरात एकही फोटो नाही?”

“ओळखपत्रावरचा आहे की. पण त्यात मी पाकीटमार दिसते म्हणायची. तो भिंतीला लावला तर वरून शिव्या घालेल मला.” तो हसायला गेला, ते हसू मध्येच मोडलं. “तुमच्या फायलीत एक आहे ना, मशीनबरोबरचा?”

होता. बंद झालेल्या फायली दुपारी मुख्य कचेरीत जायच्या होत्या, तिथे कागदांचा चुरा करत. फायलीतला चिटोराही बाहेर द्यायचा नाही, असा नियम होता, आणि बाई नियमाच्या पक्क्या म्हणून सगळीकडे बदनाम होत्या. त्यांनी उठून दार लोटलं, फायलीत चिकटवलेल्या फोटोखाली पट्टीची कड सरकवली आणि तो अलगद सोडवला.

नव्या मशीनवर हात ठेवून पिशवीवाली ऐटीत उभी होती. कर्जदार आणि वस्तू एकाच फोटोत दिसली पाहिजेत, म्हणून तो बाईंनीच काढला होता. “इकडे बघा” असं तीनदा सांगूनही ती भलतीकडेच बघून हसत होती. बाईंना ते तेव्हाही खटकलं होतं.

“कडेला काहीतरी आलंय हो,” त्या म्हणाल्या आणि कात्री उचलली. तिला धार यानेच लावून दिली होती. “तेवढं कापून देते. भिंतीवर बरं दिसेल.”

धारवाल्याने फोटोवर तळहात ठेवला.

“नको, बाई. ते माझं कोपर आहे.”

“तुमचं?”

“त्या दिवशी मी दाढी करून बसलो होतो. धुतलेला सदरा घातला होता. तुम्ही म्हणालात, कर्ज हिच्या नावावर, फोटोत ही एकटीच पाहिजे. खोलीत अंधार होता, म्हणून मला बाजूला उभं करून हातात वायरचा बल्ब दिलात.” त्याने फोटो स्वतःकडे ओढून घेतला. “बल्ब तापला, मी हात बदलत होतो. ती मलाच हसतेय.”

बाईंना त्यातलं काहीच आठवेना. तो दाढी केलेला चेहराही नाही आणि सदराही नाही. अशा किती जणांना आपण बाजूला व्हा म्हणालो असू? त्यांनी कात्री खाली ठेवली.

“दोघांचा एवढाच आहे,” तो म्हणाला.

चुकलं माझं, असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “पाकिटात घालून देऊ?”

“असू द्या.”

त्याने फोटो छातीच्या खिशात ठेवला. कड दुमडू नये म्हणून वरून हात धरला आणि तसाच, एकेक पायरी करत, जिना उतरला.