चौथ्या प्लगाचे आटे

मोपाच्या चढावर गौरेशच्या फियाट टॅक्सीच्या बॉनेटखाली देवळातल्या गरनाळीचा बार उडावा तसा आवाज झाला. मागे बसलेल्या दत्ताराम भटजींनी मांडीवरचे नारळ सोडून दोन्ही कान धरले.

"कोण मेलो?" त्यांनी विचारलं.

कोणी मेलं नव्हतं. इंजिनाचा चौथा स्पार्क प्लग भोकातून उपटून वर उडाला होता आणि आपल्या वायरीला लोंबकळत होता. गौरेशने तो परत बसवून पाहिला, पण तो नुसताच गोल फिरत राहिला. भटजी पूजेला चालत गेले आणि गाडी एका ट्रकाला बांधून पेडण्याला, घराच्या अंगणात आली.

गाडी गौरेश आणि त्याचा मेहुणा शिवदास, अशा दोघांची. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे शिवदासची बहीण कमलाक्षी गौरेशला दिली आणि शेजारी-शेजारी घरं झाली. सकाळी गाडी शिवदास चालवी, दुपारनंतर गौरेश. पण ते वर्ष गोव्यात राजभाषेच्या भांडणाचं होतं. गौरेश कोकणीच्या सभांना जाई, शिवदास मराठीच्या. एकदा अंगणातच शब्दाला शब्द वाढला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. काय सांगायचं ते कमलाक्षीमार्फत. त्यातही शिवदास एकाएकी पोथीतलं मराठी बोलू लागला.

"भावोजींना सांग, वाहनाची किल्ली खुंटीवर ठेविली आहे."

गौरेशही कमी नव्हता. तो आकाशवाणीवर बातम्या देतात तसली कोकणी बोले, तीही ताठ बसून. जन्मभर आपल्यासारखंच बोललेले हे दोन पुरुष आता घरात पाहुण्यासारखे का बोलतात, हे कमलाक्षीला कळेना. तिला हसू येई, आणि जेवण वाढताना रागही येई.

दुसऱ्या दिवशी मारुती मिस्त्री आला. मूळचा बेळगावचा, पेडण्याच्या बाजारात त्याचं गॅरेज. त्याने प्लगाच्या भोकात करंगळी घातली.

"आटे कुठले, पीठ झालंय ह्यात. कुणी आवळला एवढा?"

दोघांनीही तुळशीकडे पाहिलं. शेवटी शिवदास बहिणीला म्हणाला, "भावोजींना सांग, प्लगापाशी हवा गळत होती. म्हणून मी सकाळी किंचित आवळीत असे."

गौरेशचा चेहरा उतरला. "मी पण," तो पुटपुटला. "सांजेला."

"रोज?" कमलाक्षीने विचारलं.

"रोज."

मारुतीने कपाळाला हात लावला. "अवो, हेड मऊ ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी! एकमेकास्नी एक शब्द इचारला असता तर..."

"ते बोलत नाहीत," कमलाक्षी म्हणाली. "भाषेवरून."

"घ्या! त्याच भांडणाला कंटाळून मी बेळगाव सोडलं."

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायचं नाही, जागेवरच काम करायचं असं ठरलं. मारुतीने आतून-बाहेरून आटे असलेली एक पोलादी बुश, आखूड नळीच ती, म्हापशाच्या लेथवर करून घेतली. आता भोक मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे आणि ही बुश बसवायची. आटे पाडायच्या हत्यारावर त्याने भरपूर ग्रीस थापलं, म्हणजे धातूचा कीस त्याला चिकटेल, इंजिनात पडणार नाही. पण आधी पिस्टन हत्याराला लागू नये म्हणून खाली न्यायला हवा होता. शिवदास समोर वाकून हँडल फिरवणार. गौरेश भोकात झाडूचा लांब हीर सोडून पिस्टन किती खाली गेला ते पाहणार.

"हीर मोडू नका," मारुतीने दम दिला. "आत राहिला तर हेड खाली उतरंल आणि त्याच्या पैशापायी तुमी दोघं माडावर चढाल."

हँडल फिरलं. हीर खाली जाऊ लागला.

"दादाला सांग, पुरे," गौरेश म्हणाला.

"दादा, पुरे," कमलाक्षी म्हणाली. तोवर हीर पुन्हा वर आला होता.

दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्या खेपेला कमलाक्षीने पदर खोचला. "माझा भात लागतोय," म्हणाली आणि आत निघून गेली. चुलीवर काहीच नव्हतं.

हँडल फिरलं. हीर खाली, अजून खाली, आता बरोबर तळाशी. गौरेशने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नाही. हँडल फिरतच होतं.

"रव रे, गाढवा!" तो ओरडला.

"रवलंय मरे!" बंपरखालून तेवढ्याच जोरात उत्तर आलं आणि हँडल थांबलं.

शिवदास हळूहळू उभा राहिला. त्याच्या नाकाला ग्रीस लागलं होतं. गौरेशला हसू आवरेना आणि ते पाहून शिवदासही हसू लागला. मारुती मात्र भोकावर वाकून आटे पाडत होता. अर्धा वळसा पुढे, थोडा मागे, कीस पुसायचा, पुन्हा ग्रीस. बुश घट्ट बसली. त्याने हँडल मारून आतला उरलासुरला कीस उडवून दिला, प्लग बोटांनी बसवला, पान्याने जेमतेम पाव वळसा दिला आणि पाना स्वतःच्याच खिशात घातला.

इंजिन एका झटक्यात चालू झालं.

गाडीची चाचणी म्हणून तिघं जवळच्या चोपड्याला गेली. नदीकाठी कमलाक्षीने ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेतली. येताना त्यांची आमटी करायची की सुकं, यावरून दोघे पेडण्यापर्यंत भांडले, इतके मोठ्याने की तिने खिडकीची काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि वारा खात बसली.