राणीच्या जागी आकाराम

पैज लागली ती म्हशीच्या पाठीवरनं, आणि साक्षीलाही म्हैसच होती.

बाळासो सकाळची धार काढून राणीला पाण्याच्या टाकीखाली धूत होता. राणी म्हणजे त्याची म्हैस. वस्तीत बाळासोपेक्षा तिला मान जास्त. शेजारी आकाराम आपल्या तीनचाकी टेम्पोची काच पुसत उभा होता, आणि तोंड गप्प ठेवलं तर तो आकाराम कसला! गेल्या शिमग्याला ह्यानं बाळासोच्या दुधाच्या किटलीवर तेलरंगानं 'पिण्याचे पाणी' असं लिहून ठेवलं होतं. बाळासो तशीच किटली घेऊन गंगावेशपर्यंत जाऊन आला आणि गिऱ्हाईक का हसतंय ते त्याला दुपारी कळलं.

"बाळ्या, राणीला औंदा पाडव्याला नवी झूल घाल की रं. जुनीला भोकं पडल्यात. चारचौघात कसं तोंड दाखवंल ती?"

"मग तूच शिव की," बाळासो म्हणाला. "दर शनवारी चर्चमधी शिवणक्लासला जातोस न्हवं? एवढं दिस झालं, तुझ्या हातचं एक बटण बघितलं न्हाय. सोताच्या शर्टाला टाचणी लावून फिरतोस, लेका."

नळावरच्या बायका फिस्सकन हसल्या.

"माझी कला म्हशीसाठी न्हाय."

"कला? आरं, सुई कुठल्या बाजूनं टोचती ते तरी ठावं हाय का?"

"शिवून दाखवली तर?"

"तर पाडव्याला शिंगं लावून मी राणीच्या मागनं पळतो. आणि न्हाय शिवलीस, तर राणीच्या जागी तू पळायचंस. कवड्या, मोरपिसं, घुंगरू, समदं घालून. गाडीच्या मागनं. सगळ्या पेठंम्होरं."

"दे टाळी!"

टाळी वाजली, आणि वाजल्या वाजल्या आकाराम पुसलेलीच काच परत पुसायला लागला.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवायची रीत. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, अंगावर झूल टाकायची. मग धनी मोटरसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढून गाडीचा आवाज करत पुढं आणि म्हैस त्याच्या मागनं उधळत. रस्त्याच्या दोन्ही कडांना ही गर्दी! पण पळायला आकाराम भीत नव्हता. माकडचेष्टा करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. भीती होती ती त्या शिवणक्लासची.

कारण चर्चमध्ये शिवणक्लास नव्हताच.

चर्चच्या मागच्या खोलीवर पाटी होती शिवणक्लासची. आत कोपऱ्यात कुणीतरी दान दिलेलं, पट्टा तुटलेलं एक मशीन होतं. आणि दर शनिवारी तिथं जमायची ती एचआयव्हीची माणसं. पाळकांची बायको, एस्तेरबाई, सगळ्यांना उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू द्यायची. कोण गोळ्या चुकवतंय, कुणाला खोकला लागलाय, कुणाला मध्यरात्री रडू येतंय, ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायची. पाटीची युक्ती तिचीच. घरी सांगायला सोपं पडावं म्हणून. बायकांचं ठीक होतं. आकारामनं मात्र वस्तीत ठणकावून सांगितलं, "शिवणक्लासला निघालोय!" लोक पोट धरून हसले आणि पुढं कुणी खरं विचारलंच नाही. मिशावाला टेम्पोवाला, आणि शिवणक्लास! चेष्टेइतकी भक्कम भिंत दुसरी नसते, असं त्याला वाटायचं. आता त्याच भिंतीला बाळासोनं खिडकी पाडली होती.

पलीकडच्या बोळातल्या रंगाऱ्याला हाच आजार असल्याचं कळलं होतं तेव्हाचं आकारामनं डोळ्यानं बघितलेलं. आधी त्याची घागर नळावर कुणी आपल्या आधी लावू देईना. मग पोरं त्याच्या दारावरनं जाताना नाक दाबायची. मग एक दिवस खोलीला कुलूप. आणि तो पाणी भरून गेला की नळ राखेनं घासायची ती बनावैनी, बाळासोची बायको. आकारामची बायको गेल्यापासून तीच बनावैनी त्याला रोज दोन भाकऱ्या आणि कालवण आणून द्यायची, ताटलीवर ताटली झाकून. बायको काविळीनं गेली असं आकारामनं सांगितलं होतं. वैनी तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त रडली होती.

पैज लागली त्याच संध्याकाळी वैनी ताटली घेऊन आली आणि उंबऱ्यात टेकली.

"भावजी, शनवारी मी बी येते तुमच्यासंगं."

"कुठं?"

"क्लासला की! मला कवाधरनं ब्लाऊज शिकायचाय. तुमच्यासारख्याला घेत्यात, तर मला न्हाय घ्यायची? आणि पैजेची लबाडी बी बघती, दुसऱ्याकडनं शिवून घेताय का काय."

"वैनी, तिथं... जागा न्हाय."

"मी जमिनीवर बसती."

"बाई लई कडक हाय."

"मी काय मऊ हाय व्हय?"

आकाराम हसला. हसता हसता त्यानं तोडलेला घास परत ताटलीत ठेवला. "ह्या शनवारी नको. फुडच्या," एवढंच कसंबसं बोलला.

शनिवारी खोलीत त्यानं सगळं सांगितलं. आधी चेष्टेत सांगितलं, लोक हसलेसुद्धा. मग वैनीचं नाव निघालं आणि तानाबाईच्या हातातला लाडू तसाच राहिला.

"बनाबाई? बाळू गवळ्याची?" तानाबाई मंडईत भाजी विकायची. "आरं, ती रोज माझ्याकडनं मेथी घेती. मला हितं बघितलं तर माझी पाटी उद्यापासनं कोण हुंगल?"

अनेकांत नावाचा गडी कोपऱ्यात बसला होता. इचलकरंजीजवळ कबनूरला यंत्रमागावर कामाला. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून इचलकरंजी सोडून एवढ्या लांब यायचा. तो हळूच म्हणाला, "मी येत न्हाय मग आता."

"तू गप," एस्तेरबाई म्हणाली. "मागं येणं सोडलंस, तेव्हा गोळ्याही सोडल्या होत्यास. विसरलास?" मग तिनं पदरानं मशीनवरची धूळ झटकली. "पाटी लावली मी. खोटं माझं आहे. येऊ दे तिला. आपण खरंच शिवत बसू. निदान तसं दाखवू."

मग जी काय धमाल उडाली! चर्चचा जुना लाल पडदा काढला झुलीसाठी. अनेकांतनं आयुष्यभर कापड विणलेलं, पण सुईत दोरा ओवताना घामाघूम झाला. तानाबाईनं कडेला टाके घातले ते मिरच्या देठासकट ओतल्यासारखे. एस्तेरबाईनं कबूल केलं, तिच्या लग्नातला झगासुद्धा शिंप्यानं शिवला होता. अख्ख्या शिवणक्लासात एकालाही शिवता येत नव्हतं! आकाराम हसून हसून लोळायचा बाकी होता. हसतानाच सुई त्याच्या बोटात गेली.

रक्ताचा थेंब लाल कापडावर पडला. लालावर लाल, दिसलाही नसता. पण सगळ्यांनी सुया खाली ठेवल्या.

"धुतलं की संपलं," एस्तेरबाई म्हणाली. "तुझ्या गोळ्या नियमानं चालू आहेत. कापडावरच्या ठिपक्यानं कुणाला काही होत नाही. कितीदा सांगितलंय, आकारामभाऊ."

"मला ठावं हाय, बाई," आकाराम बोट दाबत म्हणाला. "बाळ्याला ठावं न्हाय."

त्यानं पडद्याची घडी घातली. असले टाके वैनीनं बघितले की सोंग उघडं पडणार. ह्यांना आत ठेवायचं तर वैनीला बाहेर ठेवायला लागणार. आणि वैनीला बाहेर ठेवायचं तर... त्यानं सगळ्या बाजूंनी चाचपून बघितलं. अंडी खायला जातो म्हणावं, तर वैनी अंडी खायला येणार. क्लास हलवला म्हणावं, तर तिकडं येणार. दार एकच होतं आणि ते बाहेरनंच बंद करता येत होतं.

"तानामावशी, माझ्या वाटणीची अंडी तू खा हितनं फुडं," तो म्हणाला. कुणाला उलगडायच्या आत चप्पल घालून चालायला लागला.

वस्तीत शिरताच त्यानं टाकीखाली बोंब ठोकली. "बाळ्या! हरलो रं! मशीन मोडलं माझ्याच्यानं! पायानं असं हाणलं की पट्टाच तुटला. बाईनं समद्यांम्होरं हाकललं. म्हणाली, तू न्हाईस आणि तुझ्या वळखीचं कुणी बी न्हाई, परत ह्या दारात दिसायचं न्हाय!"

नळावर हास्याचा धबधबा. बाळासो तर राणीच्या पाठीवर डोकं टेकून हसला.

"माझा ब्लाऊज बुडवलासा की वो भावजी," बनावैनी कपाळावर हात मारत म्हणाली. "आता शनवारी काय करनार?"

"झोपणार."

"बरंच झालं. असं बी ते अंगण तुम्हाला लाभत न्हवतं. कसं वाळलायसा बघा."

पुढच्या शनिवारी आकाराम नेहमीच्या वेळी तयार झाला, भांग पाडला, चप्पल घातली. मग दार लावून आत बसला. बाहेर बाळासो ओरडला, "आक्या, झोपलास का?" त्यानं घोरल्याचा आवाज काढला. लोक हसले. गोळी घ्यायची वेळ झाली तशी त्यानं पत्र्याच्या डब्यातनं ती काढली आणि आवाज होऊ नये म्हणून पाण्याचा घोट तोंडात धरून गिळली.

पाडव्याला पेठ फुलली होती. आकारामच्या कपाळाला शिंगं बांधली, गळ्यात कवड्या, पायात घुंगरू, पाठीवर राणीची भोकं पडलेली झूल. तोही काही कमी नव्हता. हंबरत होता, कुणाच्या टोपीला शिंग लावत होता. पोरं शिट्ट्या मारत होती. कडेच्या गर्दीत भाजीची पाटी घेऊन तानाबाई उभी होती. बाहेर कुणी कुणाला ओळखायचं नाही, हा खोलीतला नियम. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि सगळ्यांसारखी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. पदर मात्र डोळ्याला लावून.

"थांबा, थांबा! ओवाळल्याबिगर जनावर पळवू ने!" बनावैनी आरतीचं ताट घेऊन पुढं झाली. तिनं त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि भाकरीवर गुळाचा खडा ठेवून घास त्याच्या तोंडाशी धरला. आकारामनं हातात घ्यायला हात पुढं केला.

"म्हशीला हात असत्यात व्हय?" वैनी म्हणाली. "आ करा."

गर्दी ओरडली, "आ! आ!"

त्यानं आ केला. तिची बोटं त्याच्या ओठाला लागली, जिभेला लागली. तिनं ती बोटं पदराला पुसली आणि उरलेला गूळ आपल्याच तोंडात टाकला. आकारामनं तिच्याकडं बघितलं नाही. घास तसाच गालात धरून तो हंबरला.

बाळासोनं किक मारली. पुंगळी काढलेली गाडी बंदूक उडाल्यासारखी कडाडली. "पळ रं राणी!"

दोन्ही बाजूंनी माणसांच्या भिंती, मधी रस्ता, पुढं धूर. आकाराम पळाला.