सोनेरी तार आणि बाबारावांचे कान

रविवारची वंदना संपून अर्धा तास झाला, तरी कुरुदच्या विहाराचा हॉल काही रिकामा होईना. एरवी शेवटचं 'साधु साधु साधु' संपायच्या आत माणसं चपला शोधायला लागतात. आज शंभर-सव्वाशे जण सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि सगळ्यांच्या नजरा समोरच्या मोठ्या टीव्हीवर होत्या. टीव्हीपुढच्या टेबलावर लाल मखमल, आणि मखमलीवर एक तार. अंगठ्याएवढी जाड, जांभळ्या जाळीची, दोन्ही टोकांना सोनेरी तोंडं. अशीच दुसरी टीव्हीला जोडलेली.

बुवा-बाबांना दारातही उभं न करणारी ही माणसं. यांच्या बापजाद्यांनी घरातले देव्हारे काढले, गळ्यातले ताईत तोडले, अंगात येणाऱ्याला तोंडावर हसून घालवलं. आणि आज तीच माणसं एका वायरीसमोर हात जोडायचे तेवढे बाकी ठेवून बसली होती.

"हात नका लावू, भाऊ! हाताच्या घामाची नमी लागली की ध्वनी मैला होते," गुलाबराव माईकवर गरजला. "हे ऑक्सिजन-फ्री तांबं आहे. साधी तार मुर्दा असते, ही जिंदा आहे, जिंदा! हा बाण दिसला? बाण टीव्हीकडेच पायजे. उलटी लावली तर आवाज उलटा वाहते. अन् पंधरा दिवस चालू ठेवायची, तेव्हा ते मुरते."

"मुरायले लोणचं आहे काय?" मागून एक बाई म्हणाली आणि चार बायका खुसखुसल्या.

"हसा ताई, हसा. बुवाबाजी असती तर पहिला जोडा मीच काढला असता. आपण अंधश्रद्धा मानणारे लोक नाई. हे सायन्स आहे. सायन्स!"

झालं. 'सायन्स' म्हटल्याबरोबर हसणाऱ्या बायकाही गप्प. लुच्च्याला बरोबर ठाऊक होतं, या हॉलमध्ये कोणत्या देवाचं नाव घ्यायचं ते.

गुलाबराव काही परका नव्हता. भिलाई-3 चाच पोरगा. नऊ वर्षं एका टीव्हीच्या दुकानात सेल्समन होता आणि तिथं एकच गोष्ट शिकला: टीव्हीचा भाव गिऱ्हाईक चार दुकानं फिरून विचारून येतं, तारेचा भाव कोणीच विचारत नाही. टीव्हीवर दुकानदाराला चार पैसे सुटतात, तारेवर चाळीस. गुलाबरावानं चाळीसचे चार हजार केले. कार्डावर नाव छापलं 'जी. राव, ध्वनी-वैज्ञानिक', आणि दीड मीटर तारेचा भाव लावला साडेअठरा हजार रुपये.

हॉलच्या मागच्या खांबाला टेकून सुजाता हे सगळं ऐकत होती. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, चौदा वर्षांची नोकरी. गेल्या रविवारी तिची ड्यूटी होती म्हणून ती पहिल्या तमाशाला हुकली होती. त्या संध्याकाळी ती घरी आली तर तिचे वडील बाबाराव अंगणात उभे, डोळे लाल, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होते, "सुजू, मी बहिरा नाई वो! आपल्या टीव्हीची तार खराब होती! मले सगळं ऐकू आलं, एक एक शब्द!"

बत्तीस वर्षं बाबारावांनी रोलिंग मिलच्या खडखडाटात काढली होती. रिटायर झाले तेव्हा दोन्ही कान जवळजवळ गेलेले. डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, दोन्ही कानांना यंत्र लावा. सुजातानं आणि आईनं, शेवंताबाईनं, यंत्रापुरते पैसे बाजूला ठेवले होते. बाबाराव मात्र ऐकायला तयार नव्हते, दोन्ही अर्थांनी. "लोकच पुटपुटून राहिले आजकाल. माह्या कानाले काय झालं?" आणि आता त्याच पैशांची गड्डी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. त्यांना दोन तारा घ्यायच्या होत्या, एक टीव्हीला, एक साउंडबारला. सुजातानं रात्रभर समजावलं, हात जोडले, शेवटी चिडली. बाबारावांनी तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की संपलं, त्यांना मागून काहीच ऐकू येत नसे.

"काकाजी, या! लाजू नका!" गुलाबरावानं हात केला आणि बाबाराव लग्नाच्या नवरदेवासारखे पुढे जाऊन खुर्चीवर बसले. "ही पहिली साधी तार. ऐका."

टीव्हीवर बातम्या देणारी बाई आली. चित्र मळकट, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. बाबारावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय बोलते, समजत नाई. पुटपुटते."

"अन् आता ही!" गुलाबरावानं रिमोट उंच धरून बटण दाबलं.

चित्र लख्ख झालं. बाईची साडी पिवळीधमक. आवाज असा खणखणीत, की बाबारावांचे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले. "दुर्ग स्थानकावरून सुटणारी गाडी... चाळीस मिनिटं उशिरा... पाहा! पाहा बे! सगळं ऐकू येऊन राहिलं!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत कोणीतरी पदर डोळ्यांना लावला.

सुजातालाही ते पाहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? बापाला हसताना तिनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. पण तिची नजर टीव्हीवर नव्हती, गुलाबरावाच्या हातांवर होती. मघापासून त्या माणसानं एकही तार काढली नव्हती की घातली नव्हती. दोन्ही तारा आधीच जोडलेल्या, दोन वेगळ्या सेट-टॉप डब्यांतून टीव्हीच्या दोन वेगळ्या एचडीएमआय भोकांत. तो नुसतं रिमोटचं बटण दाबत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि हात मात्र जपून.

बाबारावांचा हात खिशात गेला. "थांबा बाबा!" सुजाता ओरडली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"गुलाबरावभाऊ, या दोन तारा अदलाबदल करून दाखवा. सोनेरी पहिल्या भोकात, साधी दुसऱ्यात."

गुलाबराव गोड हसला. "ताई, चालू तार काढली तर झटका बसते. मुरलेली तार घाबरते."

"घाबरते? तार?"

"बहन, ये बहुत टेक्निकल चीज है. बाईच्या समजण्यातली गोष्ट नोय."

"मी चौदा वर्षांपासून प्लांटात मीटरच दुरुस्त करून राहिली. समजून सांगा, समजीन."

तेवढ्यात समितीचे सचिव चंपतभाऊ उठले. "सुजाता, विहारात तमाशा नको. बाबाले ऐकू येऊन राहिलं, तर तुले कावून पोटदुखी?" चंपतभाऊंना राग यायला कारण होतं. प्रत्येक तारेमागे गुलाबराव विहाराच्या नव्या लाउडस्पीकरसाठी पाचशे रुपये देणार होता, आणि गेल्या रविवारी सात घरांनी तार घेतली होती.

"चंपतभाऊ, तुम्ही फोरमन होते ना? एखादा मीटर उलटसुलट दाखवायला लागला तर तुम्ही काय करत होते?"

"काय करतो म्हणजे? काढून दुसऱ्या जागी लावत होतो."

"कावून?"

"बिमारी मीटरसंगं गेली तर मीटर खराब. जागेवरच राहिली तर जागा खराब." बोलता बोलता चंपतभाऊंचाच आवाज खाली आला. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग गुलाबरावाकडे पाहिलं. चाळीस वर्षं प्लांटात घालवलेला माणूस, एवढी साधी गोष्ट आठ दिवस डोक्यात आली नव्हती. "काढ," ते म्हणाले. "काढ तार, गुलाब."

"पण भाऊ..."

"सुजाता, तू काढ."

तिनं बाबारावांची खुर्ची लोकांकडे फिरवली, टीव्हीकडे त्यांची पाठ केली. दोन्ही तारांची दोन्ही टोकं काढली आणि अदलाबदल करून लावली. तार घाबरली नाही. मग तिनं पहिल्या भोकाचं बटण दाबलं.

बाबारावांनी नाक मुरडलं. "पुटपुटते. ही साधी."

दुसऱ्या भोकाचं बटण दाबलं.

"हे! हे सोन्याची!" बाबाराव खुर्चीतून अर्धे उठले. "हेच पायजे मले!"

बाबाराव सोडून सगळ्यांना दिसत होतं, जांभळी तार पहिल्या भोकात होती. बापाला खणखणीत ऐकू येत होतं ते दीडशे रुपयांच्या काळ्या तारेतून.

सुजातानं रिमोट घेतला आणि टीव्हीची सेटिंग उघडून सगळ्यांना दाखवली. "पाहा. या टीव्हीत प्रत्येक भोकाची सेटिंग वेगळी राहते. पहिल्या भोकाचा रंग अन् उजेड यानं कमी करून ठेवला, आवाज घुमणारा ठेवला. दुसऱ्याले रंग भडक, अन् हे पाहा, 'क्लिअर व्हॉइस' चालू. वरून पहिल्या डब्याचा आवाज चाळीसवर, दुसऱ्याचा शंभरवर. तारेचा काही संबंध नाई." तिनं दोन्हीकडची सेटिंग सारखी केली, आवाज सारखे केले आणि चार वेळा आलटून-पालटून दाखवलं. चारी वेळा तीच साडी, तोच आवाज. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनंही सांगितलं, फरक नाही.

"या तारेतून नुसते आकडे जातात," सुजाता म्हणाली. "गेटवर आपण हजेरी लावतो तसं. हजेरी लागते, नाई तर नाई लागत. सोन्याच्या पेननं सही केली म्हणून एका दिवसाच्या दोन हजेऱ्या लागत नाईत. तार तुटकी असली तर चित्र अडकते, ठिपके येतात, नाई तर बंद पडते. पण महाग तारेनं बाईची साडी पिवळी होत नाई. सोन्याचा मुलामा गंज लागू नये म्हणून असते. त्याचे वीस-तीस रुपये जास्त द्या, माझं काई म्हणणं नाई. अशीच जाळीची, सोनेरी तोंडाची तार दुर्गच्या ठोक बाजारात तीनशेला भेटते. गुलाबरावभाऊ, तुम्हाले केवढ्याले पडली?"

"ट्रेड सीक्रेट आहे ते," गुलाबराव पुटपुटला.

"आता हा पुटपुटून राहिला!" मघाची लोणचंवाली बाई म्हणाली, आणि हॉल फुटला. "चोट्टा!" "आमच्या घरी बाण लावून गेला ना बे!" गुलाबराव घामाघूम झाला, पण अशी माणसं मेलेल्या म्हशीचंही दूध काढतात. त्यानं माईक उचलला.

"पण काकाजीले ऐकू तर आलं ना! डोळ्यांत पाणी आलं ना! ते खोटं होतं काय? बोला!"

शिव्या देणारे पुन्हा बाबारावांकडे पाहायला लागले. कारण ते खोटं नव्हतं.

"ते खरं होतं," सुजाता म्हणाली, आणि गुलाबरावासमोर जाऊन उभी राहिली. "म्हणून तर तुझी जास्त चीड येते. माझ्या बापाचे कान मिलनं खाल्ले. शब्दांतला जो बारीक आवाज असते, तोच त्याले येत नाई. तू तोच आवाज बटण दाबून वाढवला. डॉक्टरचं यंत्र तेच करते. फक्त टीव्हीचा नाई, माणसांचाही वाढवते. अन् तू त्याच यंत्राचे पैसे त्याच्या खिशातून काढून राहिला होता."

बाबारावांनी मागे वळून जांभळी तार कुठं आहे ते पाहिलं होतं. चेहरा पडला होता, पण हट्ट सुटला नव्हता. "तार खोटी असंन," ते सुजाताकडे पाहून ओरडले, "पण मी बहिरा नाई! लोकच हळू बोलतात!"

त्यांच्या पाठीमागे, चार हातांवर, शेवंताबाई बायकांतून उठून येऊन उभी होती. गर्दीसमोर कधी तोंड न उघडणारी बाई. ती नेहमीच्या आवाजात बोलली, चुलीपाशी बसून बोलावं तशी.

"अजी, तीन वर्सं झाली, मी तुमच्यासंगं मनातलं बोलली नाई. बाजारातून काय आणा, गोळी घेतली का, एवढंच ओरडून ओरडून सांगते. सगळंच ओरडून सांगण्यासारखं नसते ना जी. मले लय एकटं वाटते घरात."

सव्वाशे माणसांनी ते ऐकलं. एका माणसाला ऐकू आलं नाही. बाबाराव सुजाताकडे बोट करून तसेच वाद घालत होते. मग त्यांना दिसलं, समोरची सगळी माणसं आपल्या खांद्यावरून मागे बघताहेत आणि बायका रडताहेत. ते हळूच वळले. शेवंताबाईचे ओठ मिटलेले होते.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "चंपत, काय म्हणाली ती?"

चंपतभाऊंनी मान खाली घातली. मग सगळा राग गुलाबरावावर काढत म्हणाले, "सात घरांचे पैसे आत्ताच्या आत्ता टेबलावर ठेव. मग तुझा डबा उचल. अन् विहाराले तुझे पाचशे नको."

बाबारावांनी खिशातली गड्डी काढली आणि सुजाताच्या हातात दिली. मग टेबलावरचा माईक घेतला. माईकची त्यांना गरज नव्हती, त्यांचा आवाज तसाच मोठा होता.

"माणूस मोठ्या शब्दानं फसते," ते म्हणाले. "देवाचं नाव घेऊन आला असता तर मी त्याले हाकलला असता. सायन्सचं नाव घेऊन आला, तर मी खुर्चीवर बसलो. सायन्स म्हणजे विश्वास ठेवणं नोय. सायन्स म्हणजे 'तार बदलून दाखव' म्हणणं. मी म्हटलं नाई, पोरीनं म्हटलं. यापुढं तुम्ही म्हणत जा. सामान कोणतंही असो, दुकान कोणतंही असो, बदलून दाखव म्हणा. जो दाखवत नाई, त्याच्यापाशी पैसे काढू नका."

त्यांनी माईक खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

"उद्या सकाळी मी दवाखान्यात जातो. ही काय म्हणाली, ते मले कोणीच सांगू नका. यंत्र लागलं की ही पुन्हा म्हणंन, अन् मी ऐकीन."