कॅप्सूलचे कवच कशाचे?

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. रंग करडा आणि पाचाचे बटण थोडे हट्टी. पुण्यात, स्वारगेटजवळच्या एका औषधांच्या दुकानात, काउंटरच्या कोपऱ्यावर माझे आयुष्य गेले.

माझा जन्म बंगळूरच्या एका कारखान्यातला. पूर्वी फोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. पुढे काळ पालटला, तारा भराभर पसरल्या आणि मी दुकानात आलो. मालक बाबुरावांनी मला हार घातला, पेढे वाटले. डॉक्टरांचे अक्षर लागले नाही की माझीच आठवण होई. बाबुरावांनंतर त्यांची फार्मासिस्ट लेक मंदाकिनीताई दुकान पाहू लागल्या. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. माझ्यावर धूळ बसली, डोक्यावर बिलांचे गठ्ठे आले. वाटले, संपले आपले.

अशात एका दुपारी अक्षता आली. मूळची वर्ध्याची, हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी, राहायला कात्रजला.

"काकू, या वेळी फक्त क्रीम द्या. कॅप्सूल नको."

"नको? फिट येऊ नये म्हणून घेतेस ना ती?"

"हो. पण तिचं कवच जिलेटिनचं आहे, जनावरांच्या हाडाकातड्यांचं. मी आता वीगन आहे. प्राण्यांपासून आलेलं काहीच घेत नाही, दूधसुद्धा नाही."

"कात्रज डेअरीच्या शेजारी राहून दूध नाही! छान," मंदाकिनीताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "बंद कधी केलीस?"

"कालपासून."

"आणि गाडी चालवताना फिट आली तर?"

अक्षताचे डोळे भरून आले. "भीती वाटते हो. पण ती घशाखाली उतरत नाही. आणि डॉक्टरांना सांगितलं तर हसतील."

मोबाइलला दुकानात रेंज मिळेना. ताईंनी गठ्ठे बाजूला सारले, पदराने मला पुसले आणि डॉक्टरांचा नंबर लावला. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगात जीव आला!

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आधी तिला आजची कॅप्सूल घ्यायला सांगा. हे औषध असं एकदम सोडायचं नसतं. ते साध्या गोळीतही मिळतं. बदल कसा करायचा ते मी ठरवतो. गोळीत काय काय घातलंय, ते मात्र कंपनीला विचारा."

अक्षताने तिथेच पाणी मागितले आणि ताईंनी दिलेली कॅप्सूल डोळे मिटून गिळली.

मग सुरू झाली माझी धावपळ. कंपनीत या टेबलावरून त्या टेबलावर आमची रवानगी होई. एकजण वैतागून म्हणाला, "मॅडम, असं आजवर कुणी विचारलेलं नाही."

"मग आता विचारतंय," ताई म्हणाल्या आणि रिसीव्हर धरून बसल्या.

अखेर नम्रता नावाची एक मुलगी भेटली. तिने नीट ऐकून घेतले, कच्चा माल पुरवणाऱ्यांकडे चौकशी केली आणि आपणहून फोन केला. तेव्हा अक्षता दुकानातच होती. नम्रता म्हणाली, "गोळीत जिलेटिन नाही, दुधातली साखरही नाही. स्टार्च मक्याचा आहे, बाकीचे घटकही वनस्पतींचेच. पण खरं सांगते, औषध बाजारात येण्याआधी प्राण्यांवर तपासलेलं असतं. ते मी नाकारू शकत नाही."

ताईंनी ऐकलेले सगळे अक्षताला सांगितले. ती म्हणाली, "जेवढं जमेल तेवढं करायचं. मला जगायचंही आहे."

डॉक्टरांनी हळूहळू, तपासत तपासत तिला गोळीवर आणले. गोळी तिला मानवली. आता ती मोकळ्या मनाने औषध घेते. तिचे ऐकून मंडईजवळचे बद्रीनाथ आपल्या मधुमेहाच्या औषधाबद्दल विचारू लागले, आणखीही काहीजण विचारू लागले. प्रत्येकाला हवे तसे उत्तर मिळतेच असे नाही. मग ताई डॉक्टरांशी बोलून दुसरी वाट शोधतात. परवा नम्रताचा पुन्हा फोन आला. "ताई, कॅप्सूलचं कवच वनस्पतींपासून करता येईल का, ते आमच्याकडे तपासताहेत. तुमच्या अक्षताला सांगा." ताईंनी लगेच माझ्यावरूनच अक्षताला फोन लावला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. अजून आम्ही कामाचे आहोत. त्याहून स्वतःला जपा. मनात शंका आली म्हणून औषध परस्पर बंद करू नका आणि हसतील म्हणून शंका गिळूही नका. विचारा. पहिल्या रिंगला नाही, तर दहाव्या रिंगला, पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलतेच.