बिल्ड तुटला की घालायची पगडी

मित्रांनो, मी एक जुनी पगडी आहे. लाल कापडाची, जरीच्या काठाची, पुढे कोक्याचं उंच टोक असलेली, अस्सल पुणेरी. काठ आता काळा पडला आहे आणि आतल्या अस्तरावर घामाचे डाग आहेत. कोणता डाग कोणाचा, हे मला पाठ आहे. आज तेच सांगायला बसले आहे. करमणूक होईल अशी आशा मात्र धरू नका.

माझा जन्म मंडईमागच्या एका बोळातला. आनंदीबाई नावाच्या बाई घरीच पगड्या बांधत. पुठ्ठ्यावर कापडाची एकेक घडी बसवायची, दाबायची, टाका घालायचा. टाका चुकला तर त्या तो उसवत आणि पुन्हा घालत. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. मला वाटायचं, जगात सगळीकडे चुका अशाच दुरुस्त होत असतील. काय भाबडी होते मी!

दोन हजार चार साली मला बिबवेवाडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतलं. तेव्हा पुण्यात अशा कंपन्या गल्लोगल्ली निघत होत्या. ही एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती, खाली टाइल्सचं दुकान. स्वीडनहून त्यांचा मोठा ग्राहक येणार होता, त्याच्या सत्काराला शाल, नारळ आणि मी. त्या स्वीडनच्या साहेबांनी मला डोक्यावर घेतलं, फोटो काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवढी फुगले होते मी! जाताना त्यांनी शाल तेवढी नेली. मला टेबलावर विसरले, की सोडून गेले, देव जाणे. मग कोणीतरी उचलून लोखंडी कपाटावर ठेवलं, आणि तिथे मी दोन वर्षं धूळ खात पडले.

मला खाली काढलं ते ऋषीने. बत्तीस वर्षांचा, बोलण्यात पटाईत. त्याला नऊ जणांच्या टीमचा प्रमुख केलं होतं आणि टीम कशी घडवायची याच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. दोन दिवसांत माणसाला धड पोहता येत नाही, पण हा माणसं घडवायला शिकून आला. रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहायचं, काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावायच्या. हे वाईट नव्हतं हं. लोक एकमेकांशी बोलायला लागले होते.

वाईट होतं ते पुढचं. या लोकांची कामाची एक रीत होती. दिवसभर प्रत्येकाने आपापला कोड लिहायचा, पाचच्या आत एका मोठ्या कॉम्प्युटरवर टाकायचा, आणि पाच वाजता ते यंत्र सगळ्यांचे तुकडे जोडून एक अख्खा प्रोग्रॅम बांधायचं. त्याला ते बिल्ड म्हणत. जुळला तर भिंतीवरचा हिरवा दिवा लागायचा आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवायचे. एकाचीही चूक निघाली तर लाल दिवा. मग म्हणायचं, बिल्ड तुटला.

ट्रेनिंगमध्ये ऋषीला कोणीतरी सांगितलं होतं, की परदेशात बिल्ड तोडणाऱ्याला गमतीची टोपी घालतात. त्याची नजर कपाटावर गेली आणि माझी धूळ झटकली गेली. नियम ठरला. लाल दिवा लागण्याआधी ज्याचा कोड सगळ्यात शेवटी आत गेला, तोच गुन्हेगार. त्याने दुसऱ्या दिवशी हिरवा दिवा लागेपर्यंत मला डोक्यावर घ्यायचं. जेवताना, चहाला, बाहेरचं कोणी आलं तरी. दर वेळी अहवालात नोंद, आणि सहा महिन्यांत तीन नोंदी झाल्या की कायम नसलेल्या माणसाची नोकरी जाणार.

"अरे, शिक्षा नाही ही, टीम स्पिरिट आहे," ऋषी म्हणायचा.

पहिल्यांदा टीममधल्या योगेशने मला घातलं. त्याने कमरेवर हात ठेवून फोटो काढला, सगळे हसले. आठवडाभर खरंच मजा आली. मग हळूहळू हसणारे एका बाजूला आणि माझ्याखालचं डोकं दुसऱ्या बाजूला, असं व्हायला लागलं. आणि मित्रांनो, माणसं शहाणी असतात. कोड नीट तपासायला कोणीच शिकलं नाही. शेवटचं राहायचं नाही, एवढं मात्र सगळे शिकले. साडेचार वाजले की नऊच्या नऊ जण एकमेकांकडे चोरून बघत बसायचे.

अशात जून महिन्यात दीपमाला आली. यवतमाळकडच्या दिग्रसची. वडील हिंमतराव शिंपी, बसस्टँडसमोर एका शिलाई मशीनचं दुकान. सहा महिने नीट काढले की ती कायम होणार होती, आणि कायम झाली की धाकट्या बहिणीला शिकायला पुण्यात आणणार होती. हे तिने शेजारच्या टेबलावरच्या तनुजाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. भोळी पोर! तिच्या बोलण्यात 'का'ऐवजी "काऊन" ऐकून मुलं हसायची, तर तीही त्यांच्याबरोबर हसायची.

ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा माझ्याखाली आली. चूक तिचीच होती, एक फाइल टाकायची राहिली होती. तिने दिवसभर मला घातलं आणि फाइलींची यादी करून टेबलाला चिकटवली. ती चूक तिने पुन्हा कधी केली नाही. शिकायचं ते ती अर्ध्या तासात शिकली होती, उरलेला दिवस नुसता डोक्यावर होता.

दुसऱ्यांदा मात्र घात झाला. ही मुलगी नाही म्हणत नाही, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पाचला दहा कमी असताना तनुजा गोड आवाजात म्हणायची, "दीपू, आमचं सगळ्यांचं झालं गं, आता तू टाक." आणि दीपू टाकायची. शेवटची. ऑक्टोबरात योगेशच्या चुकीने लाल दिवा लागला आणि कोड टाकणाऱ्यांच्या यादीत शेवटचं नाव दीपमालाचं निघालं. योगेश मान खाली घालून टाईप करत राहिला. तिने मला स्वतःच उचलून डोक्यावर घेतलं. पण मला तिच्या कपाळाची शीर उडताना कळत होती.

आता तिसरी वेळ ऐका. डिसेंबर. दीपमाला कायम होण्याला एक दिवस उरलेला. स्वीडनच्या लोकांना तारीख वर्षापासून लिहिलेली लागते, म्हणून दुपारी ऋषीने स्वतः त्या मोठ्या कॉम्प्युटरवर तारखेचा क्रम बदलला. कोणाला सांगितलं नाही. मी त्याच्याच टेबलावर बसले होते, डोळ्यांदेखत पाहिलं. तुकडे जुळले नाहीत आणि पाच वाजता लाल दिवा लागला. ऋषीने यादी उघडली, शेवटचं नाव वाचलं आणि मला उचलून दीपमालाच्या डोक्यावर ठेवलं.

"हॅट्‌ट्रिक! अभिनंदन," तो म्हणाला. पुणेरी अभिनंदन, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घालूनच ती गोलात उभी राहिली. अकरा वाजता ऋषीने तिला कामावरून काढण्याचं पत्र ऑफिसात टाईप करायला दिलं. तीन नोंदी, नियम म्हणजे नियम. एक वाजता तनुजा त्याच्या टेबलाशी आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"ऋषी, बिल्ड दीपूने नाही तोडला. तारखेचा क्रम बदललाय. तुझ्या नावावर आहे."

ऋषीने पाहिलं. पाहिलं आणि मागचा क्रम गुपचूप परत लावला. "कालच्या कॉलवर मी क्लायंटला तिचं नाव सांगून बसलोय," तो म्हणाला. "आता काय, माझं चुकलं म्हणून सांगू? तशीही ती स्लोच आहे. आणि तनुजा, पाचला दहा कमी असताना तिला 'टाक' कोण म्हणतं, ते मला माहीत नाही असं समजू नकोस."

तनुजा जागेवर जाऊन बसली. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते! पण मी पडले पगडी. दोन टेबलं पलीकडे बसलेल्या दीपमालालाही सगळं ऐकू गेलं होतं; माझ्याखालचं तिचं डोकं तापलं होतं आणि मला ते नुसतं झाकता येत होतं.

तीन वाजता शिपाई दत्तोबा दारातून म्हणाला, "दीपमालाताईचं वडील आल्यात. आत बसवू का?"

हिंमतराव पहाटेपासूनचा प्रवास करून न सांगता आले होते. आज लेक कायम होणार, तो दिवस त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. एका हातात दीपमालाच्या आईने, वेणूबाईने दिलेला लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात कागदात बांधलेला शर्ट.

"साहेबासाठी शिवला जी," ते ऋषीला म्हणाले. "माप नव्हतं. पोरीनं सगळ्यायचा फोटू धाडला व्हता, त्याच्यावरून अंदाजानं कापला."

ऋषीने शर्ट घेतला. मग हिंमतराव वळले आणि त्यांना लेक दिसली. तिच्या डोक्यावर मी. ते जागच्या जागी थांबले. डोळे भरून आले त्यांचे.

"हे काय जी साहेब? माह्या पोरीचा सत्कार होय का?"

कोणाच्या तरी तोंडून हसू फुटलं. ऋषीने हातातल्या शर्टाकडे पाहिलं. वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. पण सवय फार वाईट असते हो.

"हो ना काका. तिसरा," तो म्हणाला. "इथे आजवर कोणाचेच इतके झाले नाहीत."

"पयले दोन काऊन सांगतले नाही वं?" हिंमतरावांनी लेकीला विचारलं.

"राहून गेलं बाबा," दीपमाला म्हणाली.

ते जवळ आले. शिंप्याची बोटं ती, आधी माझ्या काठावरून फिरली. "हातची शिलाई होय. लय बारीक," ते पुटपुटले. मग मी जराशी तिरपी बसले होते, ती त्यांनी दोन्ही हातांनी सरळ केली आणि लेकीच्या डोक्यावर नीट दाबून बसवली. आपल्या हातांनी! दीपमालाचे डोळे वाहायला लागले. "रडू नको. सत्काराले रडतेत का?" म्हणताना ते स्वतःच रडत होते. त्यांनी सगळ्यांना भोवती उभं केलं आणि तनुजाला फोटो काढायला लावला. फोटो ते दुकानात मशीनच्या वर लावणार होते. तनुजाने डोळे पुसत तो तीनदा घेतला.

चार वाजता दीपमालाला आतल्या खोलीत बोलावून पत्र दिलं. पत्र दिलं की माणसाचा कॉम्प्युटर बंद करायचा, हीही त्यांची रीत. तिने सही केली आणि एकच विचारलं.

"सर, बाबांची गाडी सातची आहे. सहापर्यंत जागेवर बसू का?"

"बस. पण हिरवा दिवा लागेपर्यंत पगडी काढू नकोस," ऋषी म्हणाला. "तुला वेगळा नियम लावला तर बाकीचे काय म्हणतील?"

ती जागेवर येऊन बसली. पाहुण्यांच्या बाकावरून तिच्या स्क्रीनची फक्त पाठ दिसायची. हिंमतराव डबा मांडीवर घेऊन बघत होते. आणि दीपमाला टाईप करायला लागली. समोर काळी काच, तिच्यावर एक अक्षर उमटत नव्हतं, आणि ती भराभर टाईप करत होती. मध्येच थांबायची, विचार केल्यासारखं करायची, पुन्हा सुरू. नऊच्या नऊ जणांना ती काळी काच दिसत होती. एकही उठला नाही.

"कशी झटते पाहा जी," हिंमतराव दत्तोबाला हळूच म्हणाले.

पाच वाजता हिरवा दिवा लागला. लागणारच, ऋषीने आपलं आपण दुरुस्त केलं होतं. रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. हिंमतरावांना वाटलं, आपल्या लेकीसाठीच. डबा बाकावर ठेवून तेही उठले आणि सगळ्यांत मोठ्याने, सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

मग दीपमालाने मला काढलं, टेबलावर ठेवलं आणि वडिलांना घेऊन गेली. तिचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. ऋषीला बढती मिळाली. कंपनी हिंजवडीला गेली, मी एका खोक्यात राहिले.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाताखाली माणसं येतील. मला जपा, ऊन दाखवा, असलं काही मी मागत नाही. वाळवीने खाल्लं तरी माझं काही म्हणणं नाही. माणूस चुकला तर त्याला रागवा, शेजारी बसून चूक दाखवा, काम पुन्हा करायला लावा. पण त्याच्या डोक्यावर काही ठेवू नका. त्याचा बाप कधी दारात येऊन उभा राहील, सांगता येत नाही.