जास्तीची ओंजळ

काचेच्या नळीतलं पाणी गर्द पिवळं झालं आणि झुंबरला आज पहिल्यांदाच त्या रंगाचा धाक वाटला. सहा वर्षं तो गावच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकत आला होता. तपासणीच्या थेंबांनी पाणी जितकं पिवळं, म्हणजे पावडर जितकी जास्त, तितकं त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. गॅस्ट्रोच्या साथीत गोजरबाईचा लेक दोन दिवसांत गेला, तेव्हापासून गाव पाण्याचा वास घेऊनच हंडा उचलायचं. वास नसला की नळावर ओरड — "पावडर इकली का काय रं?" मग मापावर आणखी एक ओंजळ... आणि कालव्यातून टाकीत आलेला गाळ, कुजका पाला? तो कशाला उपसा, पावडर हाय की!

काल आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर योगिनीबाई सांगत होत्या — पावडर आणि कुजका पाला मिळून पाण्यात भलतंच काही तयार होतं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सरची भीती, आणि गरोदर बायांना त्रास होतो का याचा शोध अजून चालू आहे. गरोदर... त्याच्या बायकोचं, म्हाळसाचं, पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. आता पुन्हा चौथा लागलाय. मी पाजलं का ते तिला? गावानं शाबास म्हणावं म्हणून, माझ्याच ओंजळीनं?

"मग पावडर बंदच करू?" त्यानं बाईंना विचारलं होतं.

"खुळे आहात का, झुंबरराव? कॅन्सरला वर्षं लागतात, गॅस्ट्रो चार दिवसही थांबत नाही. आधी गाळ काढा, मग मापानं टाका."

"आन् आमचं पहिलं..."

"ते कुणालाच सांगता यायचं नाही," बाई हळूच म्हणाल्या होत्या.

आता त्यानं नळी पुसून ठेवली, टाकी रिकामी केली आणि घमेलं घेऊन आत उतरला. गुडघाभर काळा चिखल. शरम वाटली, अगदी मनापासून.

"आज पानी न्हाय व्हय?" वरून गोजरबाई.

"टाकी धुतोय, आत्या. उद्यापासनं वास कमी येईल."

तिनं काठावरून आत वाकून बघितलं. मग म्हणाली, "वास न्हाय तर नातवाला पाजू कसं?"

"आदी म्हाळसाला पाजतो. मग तुमी न्या."

लेक गमावलेली बाई, तिनं का विश्वास ठेवावा? पण तिनं पदर खोचला. "आन घमेलं हिकडं."

पहिलं का गेलं, ते आता जन्मभर कळणार नाही. ते मनात सलत राहणार, राहू दे... तो घमेलं भरून वर देत होता, आणि पहिलं गेल्यापासून ज्या विचाराला त्यानं दारातही उभं केलं नव्हतं, तो आपसूक आत आला होता — मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं?