ओलं वार्निश

आमच्या आईला देवाकडे खूण मागायची भारी खोड. खिडकीत चिमणी बसली तर मावशीकडे जायचं, नाही बसली तर घरीच थांबायचं. त्या बिचाऱ्या चिमणीला काय ठाऊक, तिच्यापायी मावशीचा स्वयंपाक अडलाय म्हणून! मी हसले की आई डोळे वटारायची. "शास्त्रातल्या मोठमोठ्या माणसांनी खुणा मागितल्यात. तू कोण टिकोजीराव लागून गेलीस?"

खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं. बाबांनी मनाला येतील ते धंदे केले आणि सगळे बुडवले. तेव्हापासून माणसाच्या मनावरचा तिचा विश्वासच उडाला होता.

माझा धाकटा भाऊ मात्र पहिल्यापासून तिच्या शब्दाबाहेर नव्हता. बोलायला कमी, पण कानाचा तिखट. चर्चमधला ऑर्गन बिघडला की पाळकसाहेब त्यालाच हाक मारायचे. तो पालथा पडून आत हात घालायचा, एकेक पट्टी दाबून कान लावायचा आणि संध्याकाळच्या उपासनेला ऑर्गन पुन्हा सुरात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी कपडे शिवणारी बाई, मशीनची खडखड हेच माझं संगीत.

पलीकडच्या रस्त्यावर एक कारागीर व्हायोलिनं बनवायचा. त्याने एकदा धाकट्याचं काम पाहिलं आणि पाळकसाहेबांकडे निरोप ठेवला, "सोमवारी दुपारी पाठवा त्याला. शिकवतो." त्या रात्री आनंदाने पोराला घास गिळेना.

आई म्हणाली, "आवडतं म्हणजे देवाने सांगितलंय असं होत नाही, बाळा."

दोघं गुडघ्यावर बसले. आईने मोठ्याने प्रार्थना केली, "प्रभू, हे तुझं पाचारण असेल तर हा जाईल तेव्हा दार उघडं असू दे. बंद असेल तर तुझी इच्छा नाही असं आम्ही समजू." धाकटा आमेन म्हणाला.

"अगं, दार बंद असलं तर माणूस ठोठावतो!" मी म्हटलं.

"खूण मागितल्यावर ठोठावायचं नसतं," आई म्हणाली. विषय संपला.

सोमवारी तो गेला आणि लगेच परत आला. "बंद होतं," एवढंच म्हणाला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "प्रभूची स्तुती असो." पुढच्याच आठवड्यात मामाने त्याला खिळ्यांच्या कारखान्यात चिकटवलं.

तिथे एका बाजूने तार आत जाते आणि दुसऱ्या बाजूने खिळे पडतात. आवाज असा की कामगार एकमेकांशी हातांनीच बोलतात. सुरुवातीला धाकटा घरी आला की गुणगुणायचा. मग प्रत्येक गोष्टीला "काय?" म्हणायला लागला. मग "काय?" विचारणंही सोडलं. डॉक्टर म्हणाले, गेलेले कान परत येत नाहीत. आता बोलायचं तर त्याच्यासमोर उभं राहावं लागतं, तो ओठ बघतो. लग्न केलं नाही. त्या कारखान्यात त्याचे केस पिकले.

यंदा ऑर्गन पार बेसूर झाला म्हणे. पाळकसाहेब नवे, त्यांना कुणीतरी धाकट्याचं नाव सांगितलं. मला बरोबर घेऊन तो जाऊन बसला, पट्ट्या दाबल्या आणि हात मांडीवर घेतले. "ताई, मला काहीच येत नाही गं ऐकू," म्हणाला.

म्हणून ऑर्गन बघाल का विचारायला त्या व्हायोलिनवाल्याकडे मीच गेले. दार बंद! माझं डोकंच फिरलं. दोन्ही मुठींनी बडवलं. बाजूच्या बोळातून एक पिकलेलं डोकं बाहेर आलं.

"दार मोडता का माझं? वार्निश ओलं आहे आत! रस्त्याची धूळ बसते. मागून या!"

मागून गेले. तारेवर टांगलेली व्हायोलिनं चमकत होती.

"दार नेहमी बंदच असतं?" मी विचारलं.

"वार्निश लावलं की बंद. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही मागून येतं." मग तो माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "तुम्ही त्या ऑर्गनवाल्या पोराची बहीण ना? आलाच नाही तो. त्याला पहिल्याच दिवशी दाखवावं म्हणून मी मुद्दाम त्या दुपारी वार्निशचं काम काढलं होतं. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. मग म्हटलं, नसेल त्याला ओढ."

म्हणजे दार बंद होतं ते त्याच्यासाठीच!

ऑर्गन लावून द्यायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि मी तणतणत घरी आले. आई खुर्चीत पेंगत होती. धाकटा बटाटे सोलत होता. त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि सगळं सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "फटीतून वार्निशचा वास येत होता. आत तो शीळ घालत होता, ताई. स्पष्ट ऐकू आली मला."

"मग मेल्या, ठोठावलं का नाहीस?"

"हात उचलला होता. पण आमेन म्हणून आलो होतो. वाटलं, देव परीक्षा बघतोय. आता वाटतं, ती शीळच देवाची हाक असेल. कुणाला विचारू?"

तो नेहमीसारखा मोठ्याने बोलत होता. त्या आवाजाने आई जागी झाली. "काय गं, काय झालं?" धाकट्याने माझ्याकडे पाहून सांगू नको म्हणून मान हलवली. आईवर ओरडावं तर ती वाळून काटकी झालेली. देवावर ओरडावं तर त्याने बिचाऱ्याने दार कुठे लावलं होतं?

"काही नाही," मी म्हटलं. "ऑर्गन दुरुस्त होतोय."

"प्रभूची स्तुती असो," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी मी मशीनवर बसले आणि एकही टाका न घालता रडले.

व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्याने ऑर्गन दुरुस्त केला. रविवारी पहिलं गीत सुरू झालं, तेव्हा धाकटा ऑर्गनच्या लाकडावर तळहात टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, सगळ्या चर्चला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "ताई, लागला का सूर?"

मला त्यातलं काय कळतंय! पण त्याला नीट दिसावेत म्हणून मी ओठ मोठे केले.

"लागला रे," मी म्हटलं. "लागला."